धारूरहून गेलेली तुझी पोरं

रफिक,

तुला जाऊन महिना होतोय, तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. कॉलेज सुटलं की मी अजूनही सवयीनं किल्ल्याकडच्या रस्त्याला लागतो, अर्ध्यात आठवतं, मग बाजारात वळून काहीतरी घेऊन घरी येतो. एकाच दिवशी दोनदा कोथिंबीर आली तरी ही नुसती बघते.

तुझ्याबद्दल लोकांनी बरंच लिहिलं. चौकात फलक लागला. त्यावर तुझा लग्नातला फोटो, काळ्या कोटातला, आणि खाली 'यशस्वी उद्योजक'. तू बघितला असतास तर आधी कोटाला हसला असतास, मग उद्योजकाला. मला त्यातलं काही लिहायचं नाही. तू भर हंगामात, भर दुपारी सगळं अर्धवट टाकून गेलास. मागे काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं. त्यात मी एक गोष्ट केली आहे, ती तर मीच सांगायला हवी.

तुझे अब्बा बसस्टँडसमोर फळांचा गाडा लावायचे. आश्विनात डोंगरातली सीताफळं यायची. सकाळी टणक असलेलं फळ संध्याकाळी मऊ पडायचं आणि दुसऱ्या दिवशी काळं. उरलेली टोपली तुम्ही शेळ्यांपुढे रिकामी करायचात, तेव्हा तुझी अम्मी आत निघून जायची. आपण शाळकरी पोरं. टोपलीतली बरी फळं हुडकून खायचो आणि किल्ल्याच्या खंदकात बिया कोण लांब थुंकतो ते बघायचो. अम्मी आत का जाते हे मला कळत नव्हतं. तुला कळत होतं.

पुढे मी बी.ए.ला अंबाजोगाईला गेलो आणि तू मस्कतला. मी अर्थशास्त्र शिकलो. तू मासळीच्या शीतगृहात आधी बर्फ ओढलास, मग मशीन पुसलंस, मग मशीन उघडून जोडायला शिकलास. तू परत आलास तेव्हा सगळ्या धारूरला वाटलं, आता हा दुमजली घर बांधणार. तू किल्ल्याच्या रस्त्यावर पत्र्याची शेड घातलीस. मी नुकताच ज्युनिअर कॉलेजला लागलो होतो. त्या दिवसापासून तू मला विलास म्हणायचं सोडून मास्तर म्हणायला लागलास.

"मास्तर, तिकडं समुद्रातली मासळी महिनाभर ताजी राहती. आन आपल्या डोंगरातलं सीताफळ संध्याकाळपत्तूर टिकत न्हाई. हे बरोबर हाय का?"

"मग काय करणार आहेस?"

"थंडी आणणार हाय धारूरला," तू म्हणालास.

आणलीस. बायांनी फळ फोडायचं, गर काढायचा, मशीनमध्ये बिया वेगळ्या करायच्या, गर पिशव्यांत भरून थंड खोलीत गोठवायचा आणि वर्षभर पुण्याच्या आइस्क्रीमवाल्यांना पाठवायचा. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत माझ्या चष्म्यावर बर्फ जमला. तू दारात उभा राहून पोट धरून हसत होतास.

कौसल्याबाई पहिल्या वर्षापासून तुझ्याकडे होती. आधी ती नवऱ्याबरोबर दर दिवाळीआधी कोयता घेऊन सांगलीकडे ऊस तोडायला जायची, पोरांच्या शाळेसकट सगळं उचलून. तुझ्याकडे बाराही महिने काम मिळायला लागलं तसा तिचा कोयता सुटला. तिची दोन्ही पोरं दहावी झाली ती धारूरच्याच शाळेत. तू हे कधी बोलून दाखवलं नाहीस. मी वर्गात सांगायचो, नाव न घेता.

मशीन चालवायला तू पोरं धरलीस. आयटीआयची, दहावी नापास, जी मिळतील ती. कंप्रेसर कसा ऐकायचा, गॅस कधी भरायचा, तारा कशा ओळखायच्या, सगळं शिकवलंस. ती तुला उस्ताद म्हणायची. आणि हात बसला की जायची. एक मस्कतला गेला, तुझ्याच जुन्या मालकाकडे. एक सौदीत दमामला. दोघं सख्खे भाऊ एका वर्षाच्या अंतरानं दुबईला. इथूनच आपला वाद सुरू झाला, आणि तो अजून संपलेला नाही.

मी म्हणायचो, तू कारखाना चालवत नाहीस, आखातासाठी फुकटची शाळा चालवतोस. पोराला घडवायचा खर्च धारूरचा, त्याची चुकलेली कामं सहन करायची धारूरनं, आणि तो कामाचा झाला की त्याचा घाम दुसऱ्याच्या देशाला. तू म्हणायचास, "पैसा तर इकडंच येतो ना बे?" मग मी तुला हातानं धरून बाजारातून फिरवायचो. हा पैसा बघ कुठं जातो. फरशीची दुकानं, मोबाईलची दुकानं, सोन्याची दुकानं. घराला संगमरवरी जिना, आणि घरात राहायला एक म्हातारी. विहिरीवरची जळालेली मोटार भरायला माणूस मिळत नाही, केजहून बोलवावा लागतो. तुझ्या शेडशेजारची मोकळी जागा तुला थंड खोली वाढवायला हवी होती. दमामच्या पैशानं जागांचे भाव असे चढवले की तू नुसता विचारून परत आलास. तुझ्याच हाताखाली शिकलेल्या एका पोरानं धाडलेल्या पैशातून त्याच्या बापानं ती घेतली आणि तिथं घराचा पाया खणला. आणि ज्या बायांचे नवरे तिकडं जायचे त्या कामावर यायच्या बंद व्हायच्या. घरचा माणूस परदेशात असताना बाईनं फळं फोडायची म्हणजे घराण्याची शोभा जाते.

तू हे सगळं ऐकून घ्यायचास. बशीत चहा ओतायचास, फुंकायचास.

"तुझ्या वर्गात पोरी किती हायत मास्तर?"

"निम्म्याहून जास्त."

"आपल्या वेळेला किती होत्या? त्यातल्या कितींची फी मस्कतहून येती, इचार एकदा." मग माझ्याकडे न बघता, "आन तुझी पोरगी पुण्यात कंप्युटरवर बसती ते चालतं. माझी पोरं दोह्याला गेली की देश बुडतो, कावून बे?"

मी म्हणायचो, पुणं आणि दोहा यात फरक आहे. तू म्हणायचास, धारूरहून दोन्ही सारखीच लांब हायत.

एकदा मी तुला वर्गात बोलावलं होतं. कामगारांच्या स्थलांतराचा धडा होता. मला वाटलं, तू तिकडचे हाल सांगशील, एका खोलीत किती माणसं झोपायची, उन्हात चप्पल कशी डांबराला चिकटायची. पोरं जरा जमिनीवर येतील. तू सांगितलंसही, अगदी खरं खरं. खोलीतला वास सांगितलास, ईदच्या दिवशी मशिदीच्या पायरीवर बसून रडलास तेही सांगितलंस. मी म्हटलं, काही प्रश्न असतील तर विचारा. मागच्या बाकावरचा एक उठला.

"सर, व्हिजा किती दिवसांत होतो?"

मग एकामागून एक हात वर आले. एजंट कोण चांगला, इंग्रजी लागतं का, गाडी चालवता आली तर जास्त देतात का. तू माझ्याकडे बघत होतास आणि तुझे गाल हसू दाबून फुगले होते. परत जाताना बसस्टँडपर्यंत हसत गेलास. तिथं पोचल्यावर मात्र एकदम थांबलास आणि म्हणालास, "हसायचं न्हाई खरं तर. त्यांना इथं कायच दिसंना झालंय, मास्तर." मी त्या दिवशी पहिल्यांदा तुला हरलेला बघितला, आणि मला बरं वाटलं नाही.

संतोषच्या वेळी आपलं कडाक्याचं भांडण झालं. तुझ्या सगळ्या पोरांत तो वेगळा होता. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगायचा. तू आजारी पडलास त्या वर्षी अख्खा हंगाम त्यानं एकट्यानं ओढला. मला वाटायचं हा राहील, उद्या हा कारखाना यानंच चालवावा. तर त्याला दोह्याच्या नोकरीचा निरोप आला. तिथल्या मालकाला तुझ्या सहीचा अनुभवाचा दाखला हवा होता.

मी तुला म्हटलं, "देऊ नकोस. निदान दोन वर्षं अडव त्याला. करार करून घ्यायला हवा होतास आधीच."

"न्हाई."

"अरे, तुझं वय काय? उद्या मशीन कोण बघणार?"

"न्हाई म्हणलं ना."

"म्हणजे गावाचं काही का होईना, तुला चांगला उस्ताद म्हणवून घ्यायचंय."

तू उठलास. मला वाटलं, आता हा मला हाकलणार. तू दाराशी गेलास आणि पाठमोराच बोललास.

"माझा अब्बा मेला तवा मी मस्कतला होतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणला, हंगाम संपू दे. माझ्या बापाला माती द्यायला मी न्हवतो, मास्तर. तू होतास. तुला ठाव हाय." तू वळलास. "कुणाचा कागद दाबून ठिवायचं माझ्याच्यानं होणार न्हाई. गाव बुडलं तरी."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला रजा मिळाली नव्हती. पासपोर्टचं तू त्या दिवशी पहिल्यांदा बोललास, आणि परत कधी नाही. दुसऱ्या दिवशी तू संतोषला दाखला दिलास, स्वतःच्या गाडीत घालून बीडला मुंबईच्या बसवर बसवून आलास, वाटेत खायला म्हणून सीताफळांची पेटी दिलीस. ती तो विमानात नेऊ शकणार नाही हे तुलाही माहीत होतं.

तू गेलास तो दिवस रविवार होता म्हणून मी तिथं होतो. सकाळी आपण शेजारच्या बांधकामावरून बोलत होतो, सिमेंटची धूळ फार उडते म्हणून तू वैतागला होतास. दुपारी टेम्पोतून फळं उतरत होती. तू एका क्रेटवर बसलास, छातीवर हात ठेवलास आणि म्हणालास, पाणी दे. मला आधी वाटलं उन्हानं झालं. मग तुझा चेहरा बघितला. जीपमध्ये घालून अंबाजोगाईकडे निघालो. केजच्या पुढे तू डोळे उघडलेस आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालास, "कौसल्याबाईला सांग, माल सावलीत घ्या." मी म्हटलं, घेतला असेल. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. इतकी वर्षं रोज तास तास बोललो आपण, आणि शेवट हा. दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

जनाज्याला माणसं खूप होती रे. पण खांदे बदलायची वेळ यायची तेव्हा पुढे कोण येतंय ते मी बघत होतो. आपल्या वयाचे, आपल्याहून मोठे. एकाचा गुडघा, एकाला दमा. दर थोड्या अंतरावर खांदा बदलावा लागत होता. धारूरचा तरणा खांदा मस्कतला, दमामला, पुण्याला आहे. कबरस्तानात कुणीतरी मोबाईल वर धरून उभा होता आणि त्यात लहान लहान चौकोनांत तुझी पोरं दिसत होती. कुणी हेल्मेटमध्ये, कुणी कँटीनमध्ये, एक रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून. मी मूठभर माती टाकली तेव्हा त्या मोबाईलमधून हुंदका ऐकू आला. कुणाचा ते कळलं नाही.

मी तिथं उभा राहून काय विचार केला ते सांगतो, रागावू नकोस. मला वाटलं, बघ, मी म्हणत होतो ते हेच. आणि लगेच वाटलं, हे तुझ्यासमोर म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता पुढचं.

दोन दिवसांनी कंप्रेसर बंद पडला. थंड खोली गच्च भरलेली. डोंगरातल्या किती वाड्यांवरच्या बायांनी वेचून आणलेलं फळ त्यात होतं ते तुला माहीत आहे. रजियाभाभी तुझ्यामागं इद्दतीत, चार महिने घराबाहेर पडायच्या नाहीत. तुमची लेक परभणीहून आली होती, पण तिला मशीनमधलं काही कळत नव्हतं. सध्याचा पोरगा नवीन, तो पॅनेलकडे बघून नुसता घाम पुसत होता. मी लातूरच्या मेकॅनिकला फोन लावला, तो म्हणाला परवा येतो. परवापर्यंत सगळ्याचं पाणी झालं असतं.

तेवढ्यात कौसल्याबाईनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "सर, संतोषला लावा."

मी दोह्याला फोन लावला. व्हिडिओत तो कुठल्यातरी गच्चीवर होता. मागे एका रांगेत मोठमोठी मशिनं. त्यानं आधी काही विचारलं नाही, म्हणाला, "सर, मोबाईल बाईच्या हातात द्या. त्यांना मशीन म्हाईत हाय."

कौसल्याबाईनं मोबाईल पॅनेलसमोर धरला.

"लाल दिवा कोणता लागलाय? वरचा का खालचा?"

"वरचा."

"आता मागं चला. कंडेन्सरची जाळी दाखवा. अजून जवळ. बाई, ते पांढरं काय हाय?"

ती सिमेंटची धूळ होती. शेजारच्या घराची. जाळीवर पिठासारखी बसून थर झाले होते, हवा आत जायलाच वाट नव्हती. संतोषनं आधी मेन स्विच बंद करायला लावला, तो बंद झालाय हे दोनदा बघितलं, मग जाळी ब्रशनं झाडून पाण्यानं धुवायला सांगितली. कौसल्याबाई आणि आणखी दोघी कासोटा घालून भिडल्या. पंख्यांवर पाणी नको, वरून खाली धुवा, जोर लावू नका, वाकंल. तो तिकडून ओरडत होता आणि मधेच कुणालातरी हिंदीत सांगत होता, भाई दो मिनट, घर का काम है. जाळी वाळल्यावर मेन चालू केला, कौसल्याबाईनं त्यानं सांगितलेलं बटण दाबलं. मशीन एकदा खोकल्यासारखं झालं आणि सुरू झालं.

संतोष आवाज ऐकत होता. बराच वेळ ऐकून म्हणाला, "हां. उस्तादचंच मशीन हाय." आणि फोन बंद केला.

गर वाचला. काठावरच्या काही पिशव्या नरमल्या होत्या, त्या बायांनी वाटून घेतल्या. त्या आठवड्यात भाभींनी पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन करून सगळा माल उचलायला लावला. बायांचे आणि वाड्यांवरचे पैसे आपल्या हातानं चुकते केले. मग मला बोलावून म्हणाल्या, "विलासभाई, आता कुणाच्या भरवशावर चालवू?" जागा मागायला एक जण येऊन गेला होता, तुझ्या जुन्या दुबईवाल्या दोघा भावांचा चुलता. त्याला तिथं मंगल कार्यालय काढायचं आहे. तिकडचा पैसा येतो, लग्नं मोठी होतात, धारूरला हॉल नाही.

मी भाभींना थोडं थांबा म्हटलं. चार दिवसांनी संतोषचाच फोन आला. मी तुझ्या घरीच होतो. भाभी पडद्याच्या आत, मी बाहेरच्या खोलीत, कौसल्याबाई दाराशी बसून लसूण सोलत होती. फोन स्पीकरवर होता.

"सर, जागा इकायला काढली म्हणं."

"हो. बघायचं चाललंय."

"सर, मी येऊ का?"

कौसल्याबाईचा हात थांबला.

"माझा करार महिन्यात संपतोय. पुढचा केला न्हाई तर येता येतंय. मशीन मी बघतो, मार्केट भाभींना म्हाईत हाय. तुमी सांगा सर. तुमी म्हणाल तसं. येऊ का?"

रफिक, मी आयुष्यभर फळ्यावर जे लिहीत आलो ते एवढंच होतं. एक माणूस परत यावा. शिकलेला, कामाचा, स्वतःहून. आणि तो विचारत होता, आणि विचारत होता मला.

मला त्याचं घर दिसायला लागलं. त्याच्या बापाला लकवा झालाय, रोजचं औषध चालू. धाकटा भाऊ अंबाजोगाईला फार्मसीला आहे, त्याची अजून दोन वर्षं. बहिणीचं लग्न ठरलंय. ते सगळं घर दोह्याच्या त्या गच्चीवर उभं आहे. आणि आपली शेड, तुझ्याशिवायची. तिकडच्या पगाराच्या जवळपासही ती पोचणार नव्हती. तू होतास म्हणून व्यापारी एक हंगाम थांबायचा, तू होतास म्हणून बाया कमी मालातही यायच्या. दुसऱ्या वर्षी शेड बुडाली तर त्या पोराला दोह्याचं दार पुन्हा उघडलं असतं का? त्याच्याजवळ कुणाकुणाला तोंड द्यायला काय राहिलं असतं?

"सर?"

मी म्हणालो, "नको येऊस, संतोष. तिकडंच राहा."

तो म्हणाला, "बरं सर." मग, "ठिवतो."

कौसल्याबाई लसणाची टरफलं पदरात गोळा करून उठली. मोरीकडे जाताना म्हणाली, "सर, तुमी त्याला ये म्हणायला पायजे होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिला घर, लकवा, फार्मसी काहीच सांगू शकलो नाही. ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

मग पडद्याआडून भाभी बोलल्या. सावकाश, माझ्याशी का स्वतःशी कळू नये अशा.

"रमजानमध्ये हे एकच दुआ मागायचे. इतक्या वर्षांत दुसरी न्हाई. म्हणायचे, या अल्ला, माझ्या पोरांतलं एक तरी आपल्या मर्जीनं परत येऊ दे. मी म्हणायची, मग सांगा की त्यांना. तर म्हणायचे, सांगितल्यावर मर्जी कुठं राहिली?"

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. इतकी वर्षं माझ्याशी भांडलास, त्यांची बाजू घेऊन, बशीतला चहा फुंकत. आणि मनात माझंच म्हणणं घेऊन बसला होतास. का नाही बोललास? मी जिंकलो असतो म्हणून? अरे, मला जिंकायचं नव्हतं. आपण दोघं एकाच बाजूला बसून एकदा नुसतं गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

"भाभी, तुम्ही मघाशी का नाही बोललात?" मी विचारलं.

"मी बोलले असते तर तो आला असता," भाभी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. कॉलेजच्या मैदानावर जाऊन मी संतोषला फोन लावला आणि सगळं सांगितलं, तुझी दुआ सांगितली. म्हटलं, काल मी माझं बोललो, तुझ्या उस्तादाचं हे होतं, आता तू तुझं ठरव. पलीकडे गच्चीवरचा वारा ऐकू येत होता.

"सर," तो म्हणाला, "काल तुमी नको म्हणल्यावर मी लई दिवसांनी निवांत झोपलो. उस्ताद गेल्यापसून झोप न्हवती. रोज वाटायचं, जायला पायजे, जायला पायजे. घरी कुणाला म्हणायची सोय न्हवती." मग म्हणाला, "आता परत ते नका सांगू सर. राहू द्या."

मी म्हटलं, "राहू दे, बाबा." आणि खूप वेळ तिथंच बसून राहिलो. पोरं क्रिकेट खेळत होती. त्यातली कोण कुठं जाणार ते मला आत्ताच सांगता आलं असतं.

मी तुझ्याशी वाईट वागलो की त्याच्याशी चांगलं, मला ठरवता येत नाही. गावाचं नुकसान झालं हे मी आजही वर्गात सांगेन, कारण ते खरं आहे. एक एक पोरगा जातो तेव्हा त्याच्या घराला ऊन मिळतं आणि गावातला एक दिवा जातो. मला फक्त समोर फोनवर असलेल्या एकाला ते सांगता आलं नाही. तुलाही जन्मभर आलं नाही. एवढ्यापुरते आपण सारखे निघालो.

भाभींनी शेवटी जागा विकली. मशीन सोडवून न्यायला लातूरचा माणूस आला होता. भाभींनी विचारलं म्हणून मी जाऊन बसलो. त्यानं तुझ्या हातचं काम बघून दोनदा विचारलं, हे कुणी बसवलं होतं. मी नाव सांगितलं. नाव ऐकून तो 'ते होते का' म्हणाला, मी 'हो, ते होते' म्हणालो, आणि मला पहिल्यांदा कळलं की तुझ्याबद्दल आता असं बोलायचं.

आज सकाळी ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले. आमच्या दारावरून जातात ते. एकात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं यांच्यामध्ये कौसल्याबाई बसलेली दिसली, इतक्या वर्षांनी. मी धावत रस्त्यावर गेलो. ड्रायव्हरनं वेग जरा कमी केला. मी नुसता ट्रॅक्टरबरोबर चालत राहिलो, तिच्याकडे बघत. तिनंच वाकून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं.

"सर, भाभींकडं जात जावा. मी रोज जायची दुपारची. लेक बी परत गेली, आता त्या एकट्या हायत."

ट्रॅक्टर केजच्या रस्त्याला लागला. मी परत घरात आलो आणि हे लिहायला बसलो. आता दुपार होत आली आहे. इद्दत आहे तोवर भाभी आत बसतील आणि मी बाहेरच्या खोलीत बसेन, आणि आमच्याजवळ बोलायला तुझ्याशिवाय काही नसेल. मी तिकडंच निघालोय.

तुझा,
मास्तर